प्रकल्प नोंदी: हात मोबाईलकडे कधी जातो?

५ जानेवारी २०२५, रविवार

प्रकल्प: घरातल्या वर्गण्या कमी करणे. मुदत: दिवाळी.

घरात केबल आहे आणि तीन ओटीटी ॲप. मोबाईलच्या रिचार्जवर फुकट आलेलं चौथं धरत नाही. केबल आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी. बाकीचं कोण कशासाठी बघतं, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. नवरा म्हणतो, सगळी बंद करा. मुलगा म्हणतो, एकाला हात लावू नका. मग काही तरी माप ठरवावं लागेल.

मी हिंगण्याला एका कारखान्यात डिस्पॅच बघते. तिथल्या रजिस्टरची सवय आहे म्हणून इथेही रजिस्टरच. सिनेमा किंवा मालिका बघताना हात मोबाईलकडे गेला का, आणि गेला तर नेमका कुठे, एवढंच लिहायचं. तारे द्यायचे नाहीत, दहापैकी गुण द्यायचे नाहीत. कॅमेरा कुठे ठेवला होता वगैरे मला कळत नाही. माझा हात कुठे होता ते कळतं.

नियम: आधी परीक्षण वाचायचं नाही. कामाचा फोन आला तर तो धरायचा नाही. थिएटरमध्येही हेच माप.

१२ जानेवारी, रविवार

'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट', घरी. गेल्या मे महिन्यात कान महोत्सवात दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पुरस्कार मिळाला होता, तेव्हापासून यादीत होता. पुरस्कारवाला सिनेमा म्हणून नवरा उशी घेऊनच बसला. मुंबईतल्या रुग्णालयात काम करणाऱ्या तिघी. दोघी मल्याळी परिचारिका, तिसरी तिथल्या स्वयंपाकघरातली पार्वती, ती रत्नागिरीकडची. मल्याळम, हिंदी, मराठी सगळं जिथल्या तिथे.

परिचारिकांतल्या एकीला परदेशी राहणाऱ्या नवऱ्याकडून एक लाल राइस कुकर येतो. चिठ्ठी नाही, काही नाही. ती बाई रात्री एकटी असताना त्या कुकरला मिठी मारते. बोलत नाही. तिथे नवऱ्याने उशी बाजूला ठेवली, हे मी नोंदवून ठेवते.

पार्वती म्हणजे छाया कदम. नवरा वारलेला, इतकी वर्षं राहिली त्या खोलीचा एकही कागद हातात नाही, बिल्डर बाहेर काढतो. आमच्याकडे आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या कागदावर, नाव चढवायला ज्यांनी चपला झिजवल्या, त्यांना हे समजवावं लागणार नाही. बिल्डरच्या फलकावर ती रात्री दगड मारते आणि हसते. छान.

हात: शेवटच्या भागात, कोकणात गेल्यावर, एकदा. तिथे सिनेमा जरा स्वप्नात शिरतो आणि मी बाहेर राहिले.

२३ फेब्रुवारी, रविवार

'छावा'. सगळं कुटुंब, आईसुद्धा. तिकिटं मिळवायलाच दोन दिवस गेले. हॉलमध्ये फेटे बांधलेली पोरं, प्रत्येक लढाईला घोषणा. सिनेमा चालू होण्याआधीच अर्धा झाला होता म्हणा.

हात मोबाईलकडे गेला नाही, पण त्या आवाजात हाताला सुचणार काय? विकी कौशलने शरीर आणि घसा दोन्ही पणाला लावलेत. घशावर थोडी दया केली असती तर बरं झालं असतं. ए. आर. रहमानचं संगीत त्या काळाला आणि त्या मातीला चिकटतच नाही. येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि वाट पाहणं. त्यांनी पुढे काय निभावलं ते शाळेत शिकलो होतो, इथे त्याचा मागमूस नाही.

नजर खिळली ती औरंगजेबावर. अक्षय खन्ना टोपी विणत बसतो आणि हळू बोलतो. त्याचं ऐकायला हॉल गप्प होतो. दुसरी जागा म्हणजे साखळदंडांतल्या संभाजीराजांचं आणि कवी कलशांचं काव्यातलं बोलणं. दोन माणसं मरणाच्या दारात एकमेकांना ओळी पुरवतात. तेवढ्यासाठी तिकीट वसूल.

ट्रेलरमधला लेझीमचा प्रसंग आक्षेपांनंतर काढलाय. सिनेमा करमुक्त करा अशी मागणीही चालू आहे. आपल्याकडे करमणूक कर २०१७ पासूनच नाही, हे शिवजयंतीला मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. तरी ऑफिसात आज-उद्या तिकीट स्वस्त होणार म्हणून थांबलेले आहेतच.

९ मार्च, रविवार

'स्थळ'. परवाच लागला. पुढच्या शुक्रवारी राहील याचा भरवसा नाही म्हणून आजच गेलो, मी आणि ऑफिसातली मैत्रीण. हॉलमध्ये मोजकी डोकी.

चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, दिग्दर्शक जयंत सोमलकरचं स्वतःचं गाव. तिथेच चित्रण, आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली माणसं. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ साली याला आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. टोरंटोहून नागपूरला यायला दीड वर्ष लागलं.

सुरुवातीला एक मुलगा बघण्याचा कार्यक्रम होतो. बायका ओळीने बसल्यात, मुलगा मध्ये स्टुलावर, आणि त्याला उंची, शिक्षण, छंद विचारताहेत. हॉल खदाखदा हसला. मग ते नायिकेचं, सवितेचं, स्वप्न असल्याचं कळतं, आणि खरा कार्यक्रम सुरू होतो. तोच स्टूल, तेच प्रश्न, ओळीने बसलेले पुरुष. मग पुन्हा दुसऱ्या स्थळासाठी तेच, मग तिसऱ्या. सविता समाजशास्त्र शिकतेय, पुढची परीक्षा द्यायचीय. बापाला कापसाला भाव मिळायची वाट. रंग आणि उंची या दोन शब्दांवर सगळं अडून बसतं.

हे लिहून काढलं की वाटेल, एकच प्रसंग पुन्हापुन्हा, कंटाळा येत असेल. आला नाही. दर वेळी चहाचा ट्रे घेऊन ती आत येते तेव्हा आपण तिच्या पायांकडे बघतो, चेहऱ्याकडे बघतो, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते शोधतो. मालिकांमध्येही एकच प्रसंग पुन्हापुन्हा येतो, तिथे मी कांदे चिरत असते. फरक कुठे पडतो ते आज सांगता येत नाही, पण पडतो.

मैत्रीण मध्यंतरात म्हणाली, "माह्या वेळी तर चालून दाखवाले लावलं होतं." एवढं बोलून ती समोसे आणायला गेली.

आणि भाषा! पूर्ण सिनेमाभर आमच्याकडची बोली, आणि त्या बोलीवर कोणी हसलं नाही. टीव्हीवर वऱ्हाडी माणूस दिसला की तो विनोद करणारच, हे आता ठरून गेलंय. भारत गणेशपुरेंनी ही बोली घरोघरी पोचवली, ते श्रेय त्यांचंच. त्यांच्यामागून आलेल्या लेखकांनी मात्र सोपा मार्ग धरला: साधं वाक्य वऱ्हाडीत लिहा, झाला विनोद. या सिनेमात बाप काळजीने बोलतो तीही याच बोलीत, आई चिडते तीही. आम्ही रोज असंच चिडतो.

हात: पर्समध्येच. मोबाईल आहे हेच विसरले होते.

२० मार्च, गुरुवार

सोमवारी संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात दंगल झाली. आमच्याकडेही संचारबंदी, कामावर सुट्टी, मुलगा घरी. कारण औरंगजेबाच्या कबरीवरून पेटलेलं आंदोलन आणि त्यातून उठलेली अफवा. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत 'छावा'चा उल्लेख केला, त्यामुळे लोकांच्या भावना पेटल्याचं म्हणाले. सिनेमा बघून आलेली आम्ही सगळी माणसं घरी येऊन पोहे खाऊन झोपलो होतो, तेव्हा त्या सिनेमाच्या माथ्यावर किती मारायचं आणि रोज कबर-कबर करणाऱ्यांच्या माथ्यावर किती, याचा हिशेब माझ्या वहीत बसत नाही. 

पहिल्या दोन दिवसांत प्रकल्प बंदच होता. हात सतत मोबाईलवर. प्रत्येक गटावर व्हिडिओ, निम्मे दुसऱ्या शहरांतले, जुने.

काल मुलाने 'ॲडोलसन्स' लावलं. गेल्याच आठवड्यात आलेली इंग्लंडमधली मालिका, चार भाग. पहाटे पोलीस दार फोडून तेरा वर्षांच्या पोराला उचलतात, शाळेतल्या मुलीच्या खुनासाठी. प्रत्येक भाग एकाच सलग चित्रणात, कुठे काप नाही. पोलीस गाडीत बसले की आपणही बसतो, ठाण्यात गेले की आपणही. मधला वेळ कापलेला नसल्यामुळे वाट बघायला लागते, नर्स सुई टोचेपर्यंत, वकील येईपर्यंत. आपण उठून पाणी प्यायलो तर काही चुकेल अशी भीती वाटते.

तिसरा भाग म्हणजे एक खोली, एक मानसतज्ज्ञ बाई, आणि तो पोरगा. ओवेन कूपर नाव त्याचं, ही त्याची पहिलीच भूमिका. क्षणात गोड, क्षणात अंगावर येणारा. ती बाई घाबरते आणि घाबरलेलं दाखवत नाही. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, का ते त्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या भागात पोलीस अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा इमोजींचे अर्थ समजावतो. मी आमच्या चिरंजीवांना विचारलं, "हे तुमच्यात पण असतं का रे?" त्याने खांदे उडवले आणि पाणी प्यायला गेला. आला तो बऱ्याच वेळाने.

हात: मालिका चालू असताना नाही. दोन भागांच्या मध्ये मात्र लगेच.

२० एप्रिल, रविवार

कूलर चालू झाला. याचा प्रकल्पाशी थेट संबंध आहे. नागपुरात एप्रिल ते जून दिवाणखान्यात कूलरचा घर्रर्र आवाज असतो, आणि ओटीटीवाल्या मालिकांमधली माणसं पुटपुटतात. खून कोणी केला ते कोणी तरी कुजबुजलं, आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. म्हणून मराठी मालिकेला खाली इंग्रजी अक्षरं लावून बघितलं. नागपूरकरांसाठी अंगणातून ऐकू येईल असं एक वेगळं ध्वनिमिश्रण करायला हरकत नाही.

'मानवत मर्डर्स', गेल्या ऑक्टोबरात आलेली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं सत्तरच्या दशकातलं प्रकरण, गुप्तधनाच्या लोभातून झालेले खून. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींवर बेतलेली. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरने केलीय, चढ्या आवाजात न बोलता. मकरंद अनासपुरे गंभीर भूमिकेत आहे, आणि पहिले पाच मिनिटं आपण सवयीने त्याच्या हशाची वाट बघतो. तो ती वाट बघायला लावतो आणि मग बंद करतो. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर दोघींना मातीत उतरवलंय. 

हात: बऱ्याचदा. आठ भागांचा ऐवज नाहीये. विहीर, रात्र, मंत्र, पुन्हा विहीर. पाच भागांत बसलं असतं तर मानगुटीवर बसलं असतं.

त्याच वेळी आतल्या खोलीत आईंची 'ठरलं तर मग' चालू. त्यांच्या खोलीतला कूलर आमच्यापेक्षा जुना, आवाज दुप्पट. तरी त्यांना शब्दन् शब्द ऐकू येतो. मुद्दाम आत जाऊन उभी राहिले. मालिका बघायची नसतेच, ऐकायची असते. प्रत्येक पात्र दुसऱ्याला नावाने हाक मारून बोलतं, म्हणजे पाठ फिरवून भाकरी थापणाऱ्या बाईला कळावं कोण कोणाशी बोलतंय. काय झालं ते एकदा घडतं, मग एक पात्र दुसऱ्याला सांगतं, मग दुसरं स्वतःशी बोलतं. धक्का आला की ढॅण वाजतं, ते ऐकून पीठाच्या हाताने बाहेर यायचं, चेहरा बघायचा, परत जायचं. जाहिरातीत कुकर उतरवायचा. मी आजवर यावर हसत आले. पण ज्या बाईच्या हाताला संध्याकाळी उसंत नाही, तिच्यासाठी कोणी तरी नीट विचार करून हे बेतलंय, तेही आठवड्यातले सहा दिवस. ओटीटीवाल्यांनी असा विचार कूलरवाल्यांसाठी केलेला नाही.

(ही मालिका मुळात 'रोजा' नावाच्या तमिळ मालिकेवरून घेतलीय. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? इडलीबी तिकडचीच.")

१५ जून, रविवार

'जारण'. अमृता सुभाष. तिचा चेहरा एकटा पुरेसा होता. पार्श्वसंगीत तिच्याआधी दचकतं, म्हणून आपलं दचकायचं राहून जातं. हृषीकेश गुप्ते मूळचे भयकथाकार, त्यांच्या लेखनातली शांतता पडद्यावर आणखी हवी होती. हात: एकदा, वेळ बघायला.

२९ जून, रविवार

'पंचायत'चा चौथा हंगाम मंगळवारी आला. मुलाने रात्रीतून संपवला. मला आठवडा लागला, आणि हात मोबाईलवरून निघेना.

पहिल्या हंगामात एका भागाचा विषय काय होता, तर चाकाची खुर्ची. गावात आलेल्या पाहुण्याला सचिवाची खुर्ची हवीशी वाटते, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा भाग. सौरदिवा कुठे लावायचा, यावर दुसरा. गाव समजायचं ते त्या दिव्यावरून. आता निवडणूक लागली आहे, दुधी विरुद्ध प्रेशर कुकर, आणि रोज हा गट त्या गटावर कुरघोडी करतो. माणसं तीच, नीना गुप्ता तीच, रघुवीर यादव तेच, आणि ही माणसं बघायला मिळतात म्हणून बंद करवत नाही. नेहमीचा भाजीवाला भाजी शिळी देऊ लागला तरी आपण आठ-दहा दिवस त्याच्याचकडून घेतो, तसं.

एक गोष्ट मात्र चुकत नाही. सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्मं आरक्षण आहे, आणि आमच्या सासरच्या गावात ग्रामपंचायतीच्या फलकावर बाईंचं नाव असतानाही लोक काम घेऊन तिच्या नवऱ्याच्या दुकानात जायचे. फुलेरा गाव कथेत उत्तर प्रदेशात बलियाजवळ, चित्रण मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात, आणि हा नवरा सगळीकडे.

३ ऑगस्ट, रविवार

परवा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. मराठीत सर्वोत्कृष्ट 'श्यामची आई'. पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी आशिष बेंडे, 'आत्मपॅम्फ्लेट'. 'मानवत' त्यानेच केलीय, हे मुलाने सांगितलं. मग 'आत्मपॅम्फ्लेट' आज पाहिलाच.

याने माझी नोंदवही अडचणीत आणली. एप्रिलपासून माझ्या मनात पक्कं होत चाललं होतं की सिनेमा फार सांगायला लागला की हात मोबाईलकडे जातो. इथे तर सुरुवातीपासून निवेदक बोलतोय. शाळकरी प्रेमाची गोष्ट, आणि प्रत्येक वळणावर देशात काय चाललं होतं ते शेजारी आणून ठेवलेलं. नायकाचं नावही आशिष बेंडे. परेश मोकाशीचं लेखन. सतत सांगणं, आणि हात तरी हलला नाही. कारण जे दिसतं त्याच्यापेक्षा निवेदक वेगळंच बोलतो, आणि गंमत त्या दोघांच्या फटीत आहे. मालिकेत जे दिसतं तेच पुन्हा ऐकवतात.

जातीबद्दल यात जे आहे ते हसत हसत येतं आणि आपण हसत असतानाच लागतं. नवऱ्याने रात्री पुन्हा पहिला अर्धा तास लावला.

१७ ऑगस्ट, रविवार

काल ज्योती चांदेकर गेल्या. 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी. आईंनी दुपारी जेवताना विषय काढला, "आपली पूर्णा आजी गेली." आपली म्हणाल्या. नातेवाईकांत कोणी गेलं की त्या जसं सांगतात, त्याच आवाजात. मग फोन करून मावशींना सांगितलं, मावशींना आधीच माहीत होतं, तरी दोघी बराच वेळ बोलल्या. संध्याकाळी मालिका लागली नाही तेव्हा देवापुढे दिवा लावून बसल्या.

मला त्या आठवतात ते 'मी सिंधुताई सपकाळ'मुळे, २०१०चा. तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडितने केली होती आणि उतारवयातली ज्योतीताईंनी, आईलेकींनी एकच बाई वाटून घेतली होती. सिंधुताई आमच्या वर्ध्याकडच्या. तो सिनेमा आईंसोबत वर्ध्यालाच पाहिला होता, त्यांच्या माहेरी.

आज कुठलीही नोंद नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारी एकाच दिवशी तीन मराठी सिनेमे: 'दशावतार', 'आरपार', 'बिन लग्नाची गोष्ट'. वर्षातले इतके शुक्रवार रिकामे जातात आणि मग तिघांनी एकमेकांचे पाय ओढायचे. हे ठरवतं कोण?

'दशावतार' पाहिला. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत. बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत, नजर जात चाललेली, मुलाला वाटतं बापाने आता थांबावं. पूर्वार्धात ते रंग लावतात, आरशात बघतात, बघता बघता दुसरे कोणी होतात, तेवढं मी कितीही वेळ बघेन. मालवणी सगळी कळली नाही, आणि काही अडलंही नाही. आमच्याकडे भंडारा-गडचिरोलीत दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. तिथल्या तंबूमागे मी असे म्हातारे पाहिलेत, खोकला थांबवून मंचावर जाणारे.

उत्तरार्धात जंगल, खाण, खलनायक आणि सूड. विषय खोटा नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगराचं काय चाललंय ते बघतोच आहोत. पण खाणीचा मालक ज्या क्षणी मी वाईट आहे असं तोंडाने सांगायला लागला, त्या क्षणी हात पर्समध्ये गेला. प्रभावळकर परत पडद्यावर आले की हात बाहेर. असा आत-बाहेर करत शेवट गाठला. हॉल भरलेला होता आणि उठताना लोक टाळ्या वाजवत होते. ते बघून बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

'साबर बोंडं'. शहरात दुपारचा एक खेळ. त्याच शुक्रवारी अक्षय कुमार-अर्शद वारसीचा हिंदी सिनेमा आल्यावर आणखी काय मिळणार? मुलाला घेऊन गेले. त्याने विचारलं, कशाबद्दल आहे. म्हटलं, दोन मुलांच्या प्रेमाबद्दल. तो म्हणाला, चल.

रोहन कानवडेचा पहिला मोठा सिनेमा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतला सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला. वडील वारतात, आनंद मुंबईहून आईसोबत गावी येतो, दहा दिवस सुतक. गावात बाल्या, लहानपणचा मित्र. नातेवाईक येतात, पिंड-पाणी, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि या सगळ्यांच्या मधोमध: लग्न कधी करणार?

पार्श्वसंगीत नाहीच. कॅमेरा एका जागी ठेवून माणसं समोर वावरतात. त्याचा एक परिणाम आधी कुठे अनुभवला नव्हता: हॉल ऐकू येतो. मागच्या रांगेतला कागद, कोणाचं तरी घसा साफ करणं. थोड्या वेळाने लोकांनीच आवाज कमी केले. पिशवी उघडायची तर ती पडद्यावरच्या घरात उघडल्यासारखी वाटायला लागली, सुतक असलेल्या घरात. एकाचा मोबाईल वाजला, तो धावतच बाहेर गेला.

आईचं पात्र मला सर्वांत आवडलं. तिला मुलाबद्दल सगळं ठाऊक आहे. ती त्यावर भाषण करत नाही, नातेवाइकांना सांगायच्या सबबी तेवढ्या तयार ठेवते. हे काम मीही पुष्कळ केलंय, निरनिराळ्या कारणांनी निरनिराळ्या लोकांसाठी, आणि पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं.

सिनेमा अतिशय संथ आहे. नवरा आला असता तर झोपला असता, हे लिहायलाच हवं. माझा हात मांडीवर होता. मुलाचाही. परतताना पारडीपर्यंत तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "बाल्या भारी होता." 

किरकोळ: उद्यापासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्केच. आमच्या मल्टिप्लेक्सात शंभरच्या आत काय मिळतं, ते शोधायला गेले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

गुरुवारी दसरा, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं फुटपाथवर पथारी टाकून. ती गर्दी अजून डोळ्यांत असताना काल 'होमबाऊंड' पाहिला. नीरज घायवानचा.

उत्तरेकडच्या खेड्यातले दोन मित्र. एक दलित, एक मुसलमान. दोघांना पोलीस भरतीत शिरायचंय, कारण वर्दी अंगावर चढली की कोणी आडनाव विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब. चंदन अर्जावर कुठला रकाना भरायचा यावर अडतो, तिथे माझ्या शेजारच्या बाईने जोरात श्वास सोडला. विशाल जेठवाने हा चंदन असा केलाय की त्याचा राग यावा आणि लगेच त्या रागाची लाज वाटावी. ईशान खट्टरही नेहमीसारखा चकचकीत वाटत नाही. जान्हवी कपूर तेवढी परक्या घरून आलेली.

मग २०२०. सूरतेची गिरणी बंद, आणि घराकडे चालणं. पत्रकार बशरत पीर यांच्या लेखातली ही खरी गोष्ट, हे मला नंतर कळलं. त्या उन्हाळ्यात जबलपूर रोडने माणसं जात होती. कारखान्यातल्या आम्ही काही जणींनी पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या. एक बाई बाटली न घेता विचारत होती, पुढे पूल आहे का, सावली आहे का.

हात: नाही. बाहेर येऊन मोबाईल चालू केला तर नवऱ्याचे फोन. आईंचं बीपी वाढलं होतं, गोळी देऊन झाली होती, काळजीचं नव्हतं. पण खेळात मी खरंच एकदाही बघितलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली, पाहुणे गेले. फराळाचे डबे पुसून ठेवले आणि वही घेऊन बसलो, चौघंही.

मुलाने नोंदी मोठ्याने वाचल्या. नवऱ्याचं म्हणणं, ज्या गोष्टींना हात गेला नाही त्यांतल्या बऱ्याच थिएटरमधल्या आहेत, तेव्हा थिएटरच्या अंधाराचा फायदा त्यांना मिळाला, माप सदोष. मुलगा म्हणाला, दशावतारही अंधारातच होता, तरी हात गेलाच. यावर चिवडा संपेपर्यंत वाद. आईंनी विचारलं, "अन् माह्या मालिकेचं काय लिवलं?" एप्रिलची नोंद वाचून दाखवली. ढॅण आल्यावर पीठाच्या हाताने बाहेर येण्याचा भाग ऐकून त्या म्हणाल्या, "म्या काही पीठाच्या हातानं नाही येत. हात धुऊन येतो."

ठरलं ते असं. केबल राहील, त्यावर चर्चा नाही. तीनपैकी दोन ॲप आजच बंद केली. एकाचं बटण शोधायलाच मुलाला वेळ लागला, सुरू करायचं बटण मात्र तिथे पानोपानी होतं. तिसरं महिन्याच्या बोलीवर, आणि आलटून पालटून: एका महिन्यात एकच, त्या महिन्यात तिथलं जे बघायचं ते बघून घ्यायचं. वाचलेल्या पैशांतून महिन्याला एक मराठी सिनेमा थिएटरमध्ये, लागला त्याच आठवड्यात. कोणता, ते पाळीपाळीने एकेकाने ठरवायचं. नोव्हेंबर आईंचा.

आईंनी अजून नाव सांगितलं नाही. "गाणे असन असा पाह्यजा," एवढीच अट घातलीय. शुक्रवारच्या पेपरात काय लागतंय ते बघून त्यांना विचारणे, आणि जिना चढावा लागणार नाही असा हॉल शोधणे.